वाघ्या घेवड्यावर गॅमा किरण: दाण्यावर द्यायचे की कॅलसवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कोरेगावच्या उत्तर भागातला आमचा वाघ्या घेवडा चवीला आणि भावाला चांगला. पण झाड शेंडा लांबवत जातं, फांद्या जमिनीवर लोळतात, खालच्या शेंगा सप्टेंबरच्या पावसात कुजतात आणि वरच्या तोवर हिरव्याच असतात. पीएचडीसाठी यातूनच उभं, एकसाथ पिकणारं झाड काढायचं आहे. मार्गदर्शक म्हणतात, दाण्यांना गॅमा किरण द्या. लॅबमधले म्हणतात, टिश्यू कल्चरमध्ये कॅलसला, म्हणजे बरणीत वाढवलेल्या पेशींच्या गोळ्याला, किरण दिले तर एका पेशीपासून अख्खं झाड मिळतं, वेळही वाचतो. कुणाचं ऐकू?"

मार्गदर्शकांचं ऐका. लॅबमधलेही खोटं सांगत नाहीत, फक्त ते केळीचं सांगताहेत. केळीला बी नाही. कंदाचा शेंडा बरणीत घातला की कोंबाला कोंब फुटत जातो, त्यामुळे तिथे किरण आणि टिश्यू कल्चर यांची जोडी छान जमते. घेवडा त्या जातीचा नाही. कडधान्यांच्या पैदाशीत माझा जो काळ गेला, त्यातली जवळजवळ तीन वर्षं घेवड्याच्या कॅलसमधून झाड उठेल या आशेवर गेली. कॅलस मात्र भरपूर मिळाला.

पण दाणा की कॅलस हा नंतरचा मुद्दा. कोणतीही मात्रा ठरवण्याआधी स्वतःला एक विचारा: मला हवा असलेला गुण काहीतरी मोडून मिळणार आहे का?

कोबाल्ट-६० चे गॅमा किरण पेशीत शिरले की डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. पेशी ते घाईघाईत जोडते, त्यात तुकडे गळतात, उलटसुलट बसतात. म्हणजे किरणांनी बहुतेक वेळा एखादं जनुक बंद पडतं. नवं काम करणारं जनुक तयार होणं ही लॉटरी. त्यामुळे जो गुण जनुक बंद पडल्याने येतो, त्यासाठी किरण हे चांगलं हत्यार आहे, आणि जो गुण काहीतरी नवं असल्याने येतो, त्यासाठी संकर करावा.

घेवड्यात बंद पडून उपयोगी ठरलेल्या गोष्टी कमी नाहीत. शेंडा पुढे वाढत ठेवणारं एक जनुक आहे. ते बिघडलं की शेंड्यावर फूल येऊन वाढ थांबते आणि वेलाचं झुडूप होतं. घेवडा मध्य अमेरिकेत आणि अँडीज पर्वतात असा दोनदा स्वतंत्रपणे माणसाळला, आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी याच जनुकातले वेगवेगळे बिघाड निवडून झुडपी घेवडा मिळवला. दिवसाची लांबी ओळखणारं एक फायटोक्रोम बिघडलं म्हणून घेवडा विषुववृत्तापासून लांबच्या देशांत फुलू लागला. शेंगेचा दोर गेला, तोही बिघाडच. घेवड्याच्या मोझॅक विषाणूला अडवणारं बीसी-३ हे अप्रभावी जनुक म्हणजे विषाणूला लागणारं एक प्रथिन त्याच्या कामाचं न राहणं. या यादीतलं काहीही किरणांकडे मागायला हरकत नाही. पण मोझॅकचं 'आय' हे प्रभावी जनुक, करप्याच्या एखाद्या विशिष्ट वंशाचा प्रतिकार किंवा दुष्काळ सोसण्याची एकूण ताकद किरणांतून मिळेल असं कुणी प्रस्तावात लिहिलं असेल, तर तो प्रस्ताव मंजूर होण्यापुरताच आहे.

तुमची मागणी पहिल्या गटातली आहे, आणि तिला जुना दाखलाही आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये मिशेलाइट नावाचा पांढरा, बारीक दाण्याचा 'नेव्ही' घेवडा असे. झाड तुमच्यासारखंच: लोळणारं, उशिरा येणारं, ओल्या शरद ऋतूत शेंगा खराब करणारं. १९४० च्या आगेमागे तिथल्या पैदासकारांनी त्याच्या दाण्यांना एक्स-किरण दिले आणि त्यांना एक लवकर येणारं झुडपी झाड सापडलं. ते झाड त्यांनी थेट बाजारात आणलं नाही. करप्याला तोंड देणाऱ्या वाणांशी त्याचे संकर केले, निवड केली आणि १९५६ मध्ये सॅनिलॅक हा वाण आला. किरणांमधून आलेल्या एखाद्या गुणावर उभा राहिलेला घेवड्याचा पहिला यशस्वी वाण म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. यातली मधली पंधराएक वर्षं नीट पाहा. किरण देण्याचं काम काही मिनिटांचं होतं, बाकीचा सगळा काळ संकर आणि निवडीत गेला.

आपल्याकडचा दाखलाही तसाच आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला टीएयू-१ हा उडीद महाराष्ट्रात १९८५ मध्ये प्रसारित झाला आणि राज्यात वर्षानुवर्षं सगळीकडे दिसायचा. त्याच्या नावातला 'टी' तुर्भ्याचा आणि 'ए' अकोल्याचा. तो निव्वळ किरण दिलेला उडीद नाही. यूएम-१९६ या उत्परिवर्तित उडदाचा टी-९ या जुन्या वाणाशी संकर करून तो निघाला. उत्परिवर्तित झाड हा बहुतेक वेळा जनक असतो, वाण नंतर बनतो. हे आधीच मान्य केलं की प्रबंधाची आखणी वेगळी होते आणि चौथ्या वर्षी रडू येत नाही.

आता तुमच्या मागणीलाच थोडी कात्री लावतो. "उभं झाड" म्हणजे झुडपी झाडच, असं गृहीत धरू नका. पूर्ण झुडपी, म्हणजे शेंड्यावर फूल येऊन थांबणारं झाड एकदम पिकतं खरं, पण त्याच्या खोडावर पेरांच्या गाठी कमी असतात आणि फुलायला मुदत थोडी मिळते. ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा दिवस दडी मारली आणि नेमकी तेव्हाच फुलं गळली, तर ते झाड पुन्हा फुलत नाही. शेंडा चालू असणारं झाड पाऊस आल्यावर थोडंफार भरून काढतं. घेवड्याच्या वाढीचे चार प्रकार मानतात: पहिला झुडपी, दुसरा शेंडा चालू पण उभा आणि आखूड, तिसरा लोळणारा, चौथा चढणारा. कोरेगावच्या पावसाचा भरवसा बघता मी दुसऱ्या प्रकाराच्या मागे लागलो असतो. किरण दिलेल्या दाण्यांची झाडं ही पहिली पिढी, त्यांच्या बियांची झाडं ही दुसरी. त्या दुसऱ्या पिढीत फक्त थांबलेला शेंडा शोधू नका. पेरं आखूड झालेलं, खोड जाड झालेलं, फांद्या खोडाला धरून वर जाणारं झाडही उचला. ते कमी नाट्यमय दिसतं, म्हणून सुटतं.

इथे एक गंमत सांगतो. कोस्टा रिकातल्या तुर्रियाल्बा इथे सान फर्नांदो या काळ्या दाण्याच्या घेवड्यातून रासायनिक उत्परिवर्तनाने पांढऱ्या दाण्याची एनईपी-२ ही ओळ काढली गेली. वरवर पाहता फक्त रंग बदलला. पण सान फर्नांदोचं झाड उभ्या बांध्याचं होतं आणि मिशिगनला पांढराच दाणा लागत होता. काळ्या दाण्याशी संकर केला असता तर रंग साफ करण्यात पिढ्या गेल्या असत्या. एनईपी-२ मुळे उभा बांधा पांढऱ्या दाण्यासकट हाती आला आणि तिथल्या पैदासकारांनी तो जनक म्हणून वापरला. तुमच्या बाबतीत हे उलट लागू होतं. तुमच्याकडे हवा तो दाणा आहे, नको तो बांधा आहे.

मग प्रश्न पडेल की उभ्या बांध्याचे घेवडे जगात आहेतच, कोलंबियातल्या पाल्मिराच्या जनुकपेढीत घेवड्याचे हजारो नमुने आहेत, तर किरण कशाला? संकरच करू. रास्त आहे, आणि मी तो समांतर सुरू करायलाच सांगेन. पण वाघ्याच्या दाण्यावरचे पट्टे, दाण्याचा आकार, शिजण्याची चव ही एकत्र आलेली मोट आहे. परक्या वाणाशी संकर केला की ती सुटते, आणि पुन्हा बांधायला मूळ वाणाशी चार-पाच वेळा मागे संकर करावा लागतो. किरणांमध्ये बाकी मोट बरीचशी तशीच राहते. किरणांचा खरा फायदा हा एवढाच, आणि तुमच्या वाणासाठी तो मोठा आहे. २०१६ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन दाण्याच्या त्या ओळखीवरच उभं आहे.

आता कॅलसकडे येऊ. तंबाखू, गाजर यांच्या कॅलसमधून झाड उठवणं विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात होतं. घेवडा हा या बाबतीत कडधान्यांतला हट्टी म्हणून ओळखला जातो. देठाचा किंवा पानाचा तुकडा घ्या, ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक द्या, कॅलस पोत्याने मिळेल. त्यातून कोंब काढायला गेलात की तो हिरवा होतो, मुळं सोडतो, तपकिरी पडतो आणि मरतो. फिनॉलमुळे माध्यम काळं होतं. कोळशाची पूड, ॲस्कॉर्बिक ॲसिड घालून काळेपणा कमी होतो, कोंब मात्र फुटत नाहीत. एखाद्या वाणात कधीतरी फुटला तरी दुसऱ्या वाणात तीच कृती चालत नाही. ज्या कॅलसमधून किरणांशिवाय झाड उठत नाही, त्याला किरण दिल्यावर ते उठेल कसं? किरणांनी पुनर्जननाची क्षमता आणखी घटते. आणि कॅलस जुना झाला की त्यात आपोआपच गुणसूत्रांचे गोंधळ होतात. मग मिळालेला बदल किरणांचा की बरणीचा, हेही सांगता येत नाही.

घेवड्यात जे चालतं ते वेगळं आहे. बीजदलांच्या सांध्याचा भाग किंवा दाण्यातून काढलेला अंकुराचा अक्ष माध्यमावर ठेवून सायटोकायनिन हे कोंब फोडणारं संप्रेरक (बीएपी किंवा थिडियाझुरॉन) दिलं की कॅलसच्या वाटेला न जाता थेट अनेक कोंब फुटतात. ब्राझीलच्या एम्ब्रापा संस्थेने गोल्डन मोझॅक विषाणूला प्रतिकार करणारा जनुकीय घेवडा बनवला, ज्याला तिथे २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तोही कॅलसमधून आला नाही. अंकुराक्षाच्या शेंड्यातल्या पेशींवर सूक्ष्म कणांचा मारा करून तो मिळवला होता. एवढी साधनं असलेल्या लोकांनीही कॅलसचा रस्ता टाळला, यातून काय ते समजा.

"मग अंकुराक्षालाच किरण देऊ" असं म्हणाल, तर देता येतात. ओल्या, जाग्या झालेल्या ऊतीला कोरड्या दाण्याच्या मानाने खूप कमी मात्रा लागते. दाण्याला शेकड्यात ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), तर इथे सुरुवात १० ते ४० ग्रेपासून करावी. पण यातही एका पेशीपासून झाड मिळत नाही. शेंड्यात अनेक पेशी असतात, प्रत्येकीत वेगळा बदल, आणि निघालेला कोंब ठिगळांची गोधडी असतो. केळीसारख्या पिकात कोंब तीन-चारदा पुढे फोडत नेऊन ती गोधडी उसवावी लागते. घेवडा हे स्वतःच्याच परागाने फळणारं, बी देणारं पीक आहे. त्यात ते काम एक पिढी बी धरून फुकटात होतं. जे काम शेंग करते, त्यासाठी बरण्या कशाला धुवायच्या?

तरीही लॅबमधल्यांना तोडून टाकू नका, त्यांची गरज तीन ठिकाणी पडेल. एक, दूरच्या संकराचा गर्भ वाचवायला. टेपरी घेवडा हा घेवड्याचा रखरखीत प्रदेशातला भाऊ. त्याच्याशी संकर केला की गर्भ कोवळ्या शेंगेतच मरतो. तो वेळेत काढून माध्यमावर वाढवला म्हणूनच जिवाणूजन्य करप्याचा प्रतिकार टेपरीकडून घेवड्यात येऊ शकला. माझ्या मते घेवड्याच्या पैदाशीला टिश्यू कल्चरने केलेली ही सर्वांत मोठी मदत आहे. दोन, पिढी लवकर फिरवायला. शेंग वाळेपर्यंत न थांबता अपक्व दाणे काढून माध्यमावर उगवले तर प्रत्येक पिढीत काही आठवडे वाचतात. तीन, दुसऱ्या पिढीत एखादं अनमोल पण जेमतेम जगणारं झाड सापडलं तर त्याच्या बगलेतल्या डोळ्यांपासून दोन-चार प्रती करून ठेवायला. कोंबाला मूळ फुटलं नाही तर साध्या घेवड्याच्या रोपावर त्याची कलम बांधा.

लॅबमधलं एक मोहक आमिषही आहे: बरणीत विष घालून निवड. मीठ घातलेल्या माध्यमावर जगणारा कॅलस म्हणजे क्षार सोसणारं झाड, किंवा हेलो ब्लाइट या रोगाच्या जिवाणूच्या फॅसिओलोटॉक्सिन या विषावर जगणारा तुकडा म्हणजे रोगप्रतिकारक झाड, असं गणित मांडतात. कॅलसला मुळं नाहीत, पानं नाहीत. शेतातलं झाड मीठ मुळाशी अडवतं, तो प्रश्न कॅलसपुढे कधी येतच नाही. आणि फॅसिओलोटॉक्सिन सोसणं आणि जिवाणूला पानात शिरू न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. असे प्रबंध मी तपासले आहेत. बरणीपर्यंत सगळं सुंदर असतं.

आता दाण्यांच्या कामाचं, आणि इथे मी पसरट होणार आहे, कारण चुका इथेच होतात.

पहिलं काम किरणांचं नाही, शुद्ध ओळ करण्याचं. शेतकऱ्याकडचा वाघ्या म्हणजे मिश्रण. त्यात उंच-ठेंगू, लवकर-उशिरा असं सगळं आधीच आहे. ते मिश्रण तुर्भ्याला पाठवलं आणि दुसऱ्या पिढीत ठेंगू झाड सापडलं, तर ते किरणांचं की शेतकऱ्याच्या पोत्यातलं? चांगल्या झाडांचं बी वेगवेगळं धरा, दोन हंगाम एकेका झाडाची ओळ पेरून पाहा, एकसारखी निघेल ती निवडा. कदाचित या निवडीतच तुम्हाला बऱ्यापैकी उभं झाड मिळेल. तसं झालं तर किरणांचा खर्च वाचला.

दाण्याचा ओलावा सारखा करून घ्या. फार कोरड्या दाण्यात ऑक्सिजनमुळे नुकसान वाढतं आणि दोन पाकिटांतले आकडे जुळत नाहीत. ६० टक्के ग्लिसरीनच्या द्रावणावर बंद डेसिकेटरमध्ये आठवडाभर दाणे ठेवले की ओलावा १२ ते १४ टक्क्यांवर येतो.

मात्रेबद्दल: जुन्या लेखांत किलोरॅड असतं, नव्यात ग्रे. १ किलोरॅड म्हणजे १० ग्रे. हे सांगण्याचं कारण, माझ्याच एका तुकडीच्या पाकिटावर मी नुसतं '२०' लिहिलं होतं. मनात किलोरॅड, म्हणजे २०० ग्रे. यंत्रावरच्या माणसाने सरळपणे २० ग्रे दिले. दाणे उत्तम उगवले, झाडं तरारून आली, आणि मी महिनाभर खुश होतो की माझी ओळ किती सोशिक आहे. हंगाम गेला.

दुसरी गोष्ट यंत्राची. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. वर्षाला त्याची ताकद बारा टक्क्यांहून जास्त उतरते. गॅमा चेंबरवर चिकटवलेला वेळेचा तक्ता दोन वर्षं जुना असेल आणि तुम्ही त्यावरून २०० ग्रेचा वेळ काढलात, तर दाण्याला प्रत्यक्षात १५४ ग्रेच मिळतात. तक्त्याची तारीख विचारा. लाजू नका.

घेवड्याचा दाणा मोठा आणि नाजूक. मूग-उडीद ४००-५०० ग्रे सोसतात, तेवढे घेवड्याला दिलेत तर काहीच उरत नाही. ०, ५०, १००, १५०, २००, २५०, ३०० ग्रे अशा सात पायऱ्यांची लहान चाचणी आधी घ्या. रोपाची वाढ साध्या रोपाच्या मानाने ३० ते ५० टक्क्यांनी घटते ती मात्रा कामाची. घेवड्यात ती बहुतेक वेळा १०० ते २०० च्या दरम्यान पडते, पण तुमच्या ओळीची तुम्हीच शोधा.

या चाचणीत घेवडा फसवतो. त्याची पहिली दोन साधी पानं दाण्यातल्या अंकुरात आधीच तयार असतात. त्यामुळे जबर मात्रा मिळालेला दाणाही उगवतो, बीजदलं वर काढतो, ती दोन पानं उघडतो आणि तिथेच थांबतो. पेशी नुसत्या फुगलेल्या असतात, नव्या झालेल्या नसतात. उगवण मोजून "३०० ग्रेलाही ९० टक्के जगले" असं लिहू नका. तिसरं त्रिदली पान आलं का आणि तिसाव्या दिवशी किती रोपं उभी आहेत, ते मोजा.

पहिली पिढी दाट पेरा, म्हणजे फांद्या कमी फुटतील. बी मुख्य खोडाच्या खालच्या शेंगांचं धरा. या पिढीत पानांवर पांढरे पट्टे, वाकडी पानं, वांझ फुलं असं बरंच दिसेल. त्यावर निवड करू नका, ते भाजल्याचे व्रण आहेत. एक पथ्य मात्र कडक पाळा: घेवडा स्वपरागी असला तरी किरण दिलेल्या झाडाच्या फुलांत पराग वांझ असतो, आणि शेजारी दुसरा घेवडा असेल तर भुंगे आपलं काम करतात. पुढच्या वर्षी "नवं उत्परिवर्तन" म्हणून जे तुम्ही मिरवाल, ते शेजारच्या वाफ्यातलं सोयरं निघतं. हेही स्वानुभवाने सांगतोय.

दुसऱ्या पिढीत किती झाडं लावायची, याचं एक गणित बहुतेक जण उलटं करतात. समजा, हवा तो बदल पहिल्या पिढीच्या हजार झाडांत एकात झालाय, दाण्यापासूनचं ते झाडही गोधडीच असल्यामुळे त्याच्या बियांत तो आठात एका झाडावर दिसतो, आणि तुमच्याकडे दुसऱ्या पिढीची १०,००० झाडं लावायची जागा आहे. ४५ बाय १५ सेंटीमीटरवर ती जागा पावणेसात गुंठे होते, वाटा धरून आठ-नऊ. प्रबंधांत नेहमी दिसतं ते असं: ५०० झाडांचं बी, प्रत्येकी २० रोपं. या हिशेबात बदल सापडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. त्याच जागेत ५,००० झाडांचं बी, प्रत्येकी फक्त २ रोपं लावलीत तर ती ६९ टक्क्यांच्या आसपास जाते. ओळी देखण्या दिसत नाहीत, वह्या जास्त भरतात, भावंडं नसल्यामुळे वांझ निघालेलं झाड कायमचं हातचं जातं. तरीही मी दुसराच मार्ग धरतो. पहिल्या पिढीत मरतूक धरून दाणे जास्त पेरावे लागतील, एवढंच.

दाण्याच्या पट्ट्यांबद्दल एक बारकावा, तुमच्या वाणासाठी फार महत्त्वाचा. दाण्याची साल ही आईची ऊती. दुसऱ्या पिढीचा जो दाणा तुम्ही पेरता, त्याची साल पहिल्या पिढीच्या झाडाची असते. म्हणून पट्टे बिघडले आहेत की नाहीत, हे दुसऱ्या पिढीचं झाड वाढून त्याच्या शेंगा फोडेपर्यंत कळत नाही. उभं झाड सापडलं म्हणून पेढे वाटण्याआधी त्याची शेंग फोडा. रंगाची जनुकं किरणांत सहज मोडतात. पट्टे जाऊन एकरंगी दाणा निघाला, तर तो चांगला घेवडा असेल, वाघ्या नसेल. पांढरा दाणा निघाला तर आणखी एक किंमत मोजावी लागते: सालीतले रंगद्रव्याचे पदार्थ गेल्यामुळे पांढरा दाणा ओल्या, थंड मातीत रोपमर आणि कुज यांना लवकर बळी पडतो.

सापडलेलं झाड तिसऱ्या पिढीत स्थिर आहे हे दिसलं की लगेच मूळ ओळीशी मागे संकर करा. त्या झाडात तुम्हाला दिसलेला एक बदल आहे आणि न दिसलेले कितीतरी. मूळ ओळीशी एक-दोनदा संकर केल्याने ते धुऊन निघतात. शिवाय या संकराच्या दुसऱ्या पिढीत तीनास एक असं प्रमाण आलं की गुण एका अप्रभावी जनुकाचा आहे हेही सिद्ध होतं, आणि परीक्षकांना ते आवडतं.

त्यानंतर शिजवून बघा, आणि हे मी विनोदाने म्हणत नाही. लोह अडकवून ठेवणारं फायटिक ॲसिड कमी असलेला एक उत्परिवर्तित घेवडा आहे. त्यातलं लोह अंगी लागावं, या चांगल्या हेतूने तो रवांडात स्त्रियांना खाऊ घातला, तर पोटाच्या तक्रारी आल्या. दाणा नीट शिजत नव्हता आणि त्यातलं लेक्टिन हे त्रासदायक प्रथिन पुरेसं निष्क्रिय होत नव्हतं. घेवड्यातलं लेक्टिन कच्चं राहिलं तर त्रास देतंच. म्हणून कोणतीही नवी ओळ गावातल्या दोन-तीन घरांत नेहमीच्या पद्धतीने शिजवून घ्या. कुकरच्या शिट्ट्या मोजा, चव विचारा. वाघ्याची गिऱ्हाइकं चवीची आहेत.

शेतकरी विचारतील, "किरण दिलेलं बी अंगाला बाधत नाही ना?" गॅमा किरण दाण्यातून आरपार जातात, दाणा किरणोत्सारी होत नाही. विजेरीचा उजेड पडलेली भिंत नंतर उजेड देत नाही, तसंच. जनुकीय पिकांना लागणारी परवानगीही याला लागत नाही. नोंदणीचा मुद्दा मात्र नाजूक आहे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात मूळ वाणातून उत्परिवर्तनाने काढलेला वाण हा त्या वाणापासून व्युत्पन्न मानला जाऊ शकतो. ज्यांच्याकडून बी घेतलं, त्यांना पहिल्या दिवसापासून कागदावर सामील करा. मानांकनाच्या उत्पादक गटाशीही आधीच बोला. नवी ओळ 'वाघ्या' म्हणून विकता येईल का, हे पाच वर्षांनी वादात ठरण्यापेक्षा आज चहावर ठरलेलं बरं.

कोकणातूनही असाच प्रश्न वालाबद्दल येतो. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर घेतला जाणारा कडवा वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, म्हणून त्याच्या शेंगांची पोपटीही थंडीतच होते. तो बारमाही करायला किरण द्यावेत का? माझं उत्तर, आधी शेजारी बघा. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचे हेब्बाळ अवरे-३ आणि ४ हे दिवसाच्या लांबीची पर्वा न करता फुलणारे वाल संकरातून आलेले आहेत. गुण कुणाकडे आधीच असेल आणि दाण्याची ओळख सांभाळायची अट नसेल, तर किरणांची गरज नाही. तुमच्या वाघ्याला ती अट आहे, म्हणून तुमचं उत्तर वेगळं आलं.

येत्या खरिपात तुमचं काम एवढंच: वेगवेगळ्या शेतकऱ्यांकडून पन्नास-साठ चांगली झाडं खुणा बांधून निवडा, प्रत्येकाचं बी वेगळ्या पाकिटात धरा. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या मध्यावर त्या झाडांचे फोटो काढा, जमिनीला टेकलेल्या शेंगा मोजून वहीत लिहा. सात पायऱ्यांच्या चाचणीला लागणारे ३५० दाणे शुद्ध ओळ हाती आल्यावर पाठवू. पाकिटावर ग्रे लिहा.